स्त्री कक्षातली मॉर्निंग ड्यूटी

सकाळी ६.५०

रात्रपाळीच्या सिस्टर ओव्हर देतात तेव्हा बोलण्याचा क्रम ठरलेला असतो. पेशंट एकूण किती, झोपलं कोण नाही, भांडण कुणाचं झालं, एस.ओ.एस. इंजेक्शन कुणाला द्यावं लागलं. हे सगळं रिपोर्ट बुकात असतंच. मी वर एक प्रश्न जादा विचारते : रात्री लघवीला कोण कोण उठलं?

राज्यात ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी अशी चार प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. त्यातल्या एका ठिकाणी जुन्या पेशंटच्या स्त्री कक्षाची मी इनचार्ज सिस्टर आहे. बहुतेक बायका पन्नाशी ओलांडलेल्या. स्किझोफ्रेनिया नाहीतर बायपोलर, वर्षानुवर्षं चालू असलेल्या गोळ्या, आणि घरच्यांचं येणं केव्हाच थांबलेलं. काहींच्या केस पेपरवर वयाच्या रकान्यात ‘अंदाजे’ लिहिलेलं आहे, कारण पोलिसांनी आणलं तेव्हा वय सांगायला सोबत कुणी नव्हतं. बाहेरच्या लोकांना वाटतं, इथे आम्हाला दंग्याची भीती असेल. मला भीती वाटते ती ओल्या फरशीची.

“सतरा नंबरच्या आजी तीनला उठल्या. संडासाच्या दाराशी बसकण मारली. लागलं नाही म्हणाल्या,” सिस्टरांनी सांगितलं.

‘लागलं नाही’ एवढ्यावर आमच्याकडे भागत नाही. या आजारात वेदना होत नाही असं नाही, पण ती सांगायची रीत बदलून जाते. खुब्याचं हाड मोडलेली बाई भिंत धरत जेवणाच्या रांगेत येऊन उभी राहिल्याचं या खात्यात जुनी झालेली कुणीही सिस्टर सांगेल. म्हणून आधी सतरा नंबर. आजींना उताणं निजवलं, दोन्ही पाय जोडून पाहिले. एक पाय आखूड दिसत नव्हता, पाऊल बाहेरच्या अंगाला कललेलं नव्हतं, टाच उचला म्हटल्यावर दोन्हीकडची उचलली. निजलेल्या असताना वरचं बी.पी. १३४ होतं, उभं केल्यावर मिनिटाभरात १०६. बसकण का मारली त्याचं उत्तर मिळालं. रात्रीच्या गोळीने रग उतरते तसं बी.पी.ही उतरतं, आणि झोपेतून ताडकन उठलं की पाय दगा देतात. आजींना बजावलं, आधी पलंगावर बसायचं, पाय खाली सोडायचे, मग उठायचं. त्यांनी मान डोलावली. रात्री त्यांना हे आठवणार नाही, म्हणून पलंग संडासाजवळ हलवला आणि तिथला दिवा रात्रभर चालू ठेवायचं वहीत लिहिलं.

७.३०

आंघोळी. श्रावणात मोरीची फरशी वाळतच नाही. हवाई चपला झिजून गुळगुळीत झालेल्या, त्यात कुणाच्या पायात दोन्ही डाव्याच. सणासुदीला दानशूर मंडळी येतात, साड्या आणि फळं देतात, फोटो काढतात. मी दर वेळी सांगते की मागे पट्टा असलेल्या, खाली खरबरीत रबर असलेल्या चपला द्या. लोकांना ते दान फारसं शोभिवंत वाटत नसावं.

आंघोळ ही माझी तपासणीची वेळ. अंगावरचा काळानिळा डाग, सुजलेलं मनगट, पाठीला आलेला बाक, हे सगळं इथेच दिसतं, राउंडला झग्याआड दिसत नाही. हाड मोडलं की आम्ही म्हणतो पडली म्हणून मोडलं. खरं तर हाडाला आतून वाळवी लागलेली असते, पडणं हे निमित्त. पाठीचा मणका तर पडावंही लागत नाही. पाण्याची बादली उचलताना, नुसतं खोकताना दबतो.

नऊ नंबरच्या काकूंचं तसंच झालं. त्याचा छडा लावला तो आमच्या कक्षसेविका मावशींनी. पंधरवड्यापूर्वी आंघोळीनंतर कपडे घालताना त्या म्हणाल्या, “सिस्टर, हिचा झगा हल्ली जमिनीवर लोळतो बघा. कापड तेच आहे. हीच आटली.” झगे मापाचे शिवलेले नसतात, पण काकूंचा एक ठरलेला झगा होता, खिशावर त्यांनी स्वतः लाल दोऱ्याने फूल काढलेला. पूर्वी तो घोट्याच्या वर असायचा. दाराच्या चौकटीला उभं करून उंची घेतली. केस पेपरवर भरतीच्या वेळचं वजन होतं, उंची नव्हतीच. तेव्हा झगा हाच पुरावा. आधी खालची शिवण चार बोटं आत घालून घेतली, कारण लोळणाऱ्या झग्यात पाय अडकून पडणं हा पुढचा अपघात ठरलेला होता. मग डॉक्टरांना सांगून एक्स-रे लिहून घेतला.

८.३०

नाश्ता. आज श्रावणी सोमवार. घर सुटलं, गाव सुटलं, पण सोमवार सुटलेला नाही अशा सात-आठ जणी कक्षात आहेत. त्या उपमा बाजूला सारतात. उपाशीपोटी गोळ्या घेतल्या की चक्कर येते, म्हणून सोमवारी त्यांच्याशी वाटाघाटी. दूध उपासाला चालतं, राजगिऱ्याचा लाडू चालतो, खजूर चालतो. राजगिऱ्यात कॅल्शियम चांगलं असतं, त्यामुळे या तडजोडीत माझाही फायदाच होतो.

पाळी गेलेल्या बाईला दिवसाला १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं, असं आपल्या राष्ट्रीय पोषण संस्थेचं कोष्टक सांगतं. ग्लासभर दुधातून अडीचशेच्या आत-बाहेर मिळतं. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास असतं, आणि बिनदाताच्या तोंडाला नाचणीची आंबील भाकरीपेक्षा सोपी जाते. दात ही या कक्षातली मोठी अडचण. औषधांनी तोंड कोरडं पडतं, त्यावर तंबाखू-मिश्रीची जुनी सवय, त्यामुळे साठीच्या आत बहुतेकींची तोंडं बोळकी. शेंगदाण्याची चटणी ताटात तशीच राहते. मी स्वयंपाकघरातल्या मामांना तिळाचा कूट आमटीत घालायला सांगितलं आहे. आठवण केली की घालतात.

९.१५

औषधांची ट्रॉली. ही वेळ शांत असावी लागते. एक गोळी, एक घोट पाणी, “आ करा”, मग पुढची.

या ट्रॉलीवरच्या डब्यांमधूनच हाडांची गोष्ट सुरू होते. रिस्पेरिडोन, हॅलोपेरिडॉल, अमिसल्प्राइड, जुनं क्लोरप्रोमाझिन, दर काही आठवड्यांनी दिलं जाणारं फ्लुफेनाझिनचं इंजेक्शन. ही औषधं मेंदूतल्या डोपामिनला आवर घालतात म्हणून आवाज येणं थांबतं, संशय ओसरतो. पण मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीत प्रोलॅक्टिनवर लगाम धरून बसलेलं रसायनही डोपामिनच आहे. तो लगाम सैल झाला की प्रोलॅक्टिन वाढतं. वाढलेलं प्रोलॅक्टिन अंडाशयाला मिळणारा हुकूम दाबून टाकतं, इस्ट्रोजेन घटतं, पाळी अनियमित होते किंवा बंदच पडते. इस्ट्रोजेन हे बाईच्या हाडांचं राखणदार. भारतीय बाईची पाळी साधारण सेहेचाळीस-सत्तेचाळीसच्या सुमाराला जाते. आमच्यातल्या काहींची त्याच्या कितीतरी आधी गेली, म्हणजे हाडं झिजायला तेवढी वर्षं जास्त मिळाली.

सगळी औषधं सारखी नाहीत, हे सांगायला हवं. क्लोझापिन, क्वेटियापिन यांनी प्रोलॅक्टिन फारसं वाढत नाही, अरिपिप्राझोलने तर उलट उतरतं. पण कार्बामाझेपिन आणि फेनिटॉइन वेगळ्या वाटेने हाडांवर येतात. ती घेताना यकृतात डी व्हिटॅमिन लवकर मोडतं. लिथियमवर असलेल्या बाईच्या रक्तातलं कॅल्शियम आधीच चढलेलं असू शकतं, तिला न तपासता कॅल्शियमची गोळी चालू करायची नाही. लिथियमने थायरॉइड मंदावलेल्या दोघी आहेत. त्यांची थायरॉइडची गोळी पहाटे उपाशीपोटी दिली जाते आणि कॅल्शियम दुपारच्या जेवणाबरोबर; एकत्र दिलं तर थायरॉइडची गोळी अंगी लागत नाही. नव्या सिस्टरला हे मी पहिल्याच दिवशी सांगते.

१०.१५

राउंड. काकूंचा एक्स-रे डॉक्टरांनी खिडकीशी धरला. एकावर एक रचलेल्या मणक्यांमध्ये पाठ आणि कंबर जुळते तिथला एक मणका पुढून दबून पाचरीसारखा झालेला. मलाही स्पष्ट दिसला.

काकू कित्येक महिने सांगत होत्या, “माझ्या पाठीत दगड ठेवलाय. रात्री येऊन दाबतात.” केस पेपरमध्ये ही वाक्यं अवतरणचिन्हांत लिहिलेली आहेत आणि पुढे ‘भ्रम’ अशी नोंद. त्या नोंदीच्या आधारावर गोळीचा डोसही एकदा वाढवला गेला. डोस वाढला तसं अंग आखडलं, पावलं फरपटू लागली. नोंद करणाऱ्याने त्याच वेळी पाठीवर हात फिरवला असता तर मणक्यावर दाबताच त्या कळवळल्या असत्या. आजार मनाचा म्हणून एकदा शिक्का बसला की अंगाचं गाऱ्हाणंही त्याच खात्यात जमा होतं, ही आमच्या क्षेत्रातली खोड आहे आणि ती चांगल्या शिकलेल्या माणसांतही असते.

डॉक्टरांनी विचारलं, “यांची पाळी कधी गेली?”

जाड केस पेपरमध्ये प्रत्येक गोळीचा प्रत्येक मिलिग्रॅम आहे, पाळी कधी गेली तेवढंच नाही. मी भांडाराचं जुनं रजिस्टर काढून आणलं, कक्षात दर महिन्याला कपडा कुणाकुणाला दिला त्याचं. काकूंचं नाव त्यांच्या अडतिसाव्या वर्षाच्या सुमाराला थांबतं. त्या काळी कक्षात कुणाची पाळी बंद झाली तर सगळ्यांना सुटल्यासारखंच वाटत असणार, धुणं तेवढं कमी. त्याच महिन्यांतली केस पेपरची पानं डॉक्टरांनी उलटली. ‘मला बाळ झालंय, अंगावर दूध येतं, असं रुग्ण म्हणते. भ्रम कायम.’ प्रोलॅक्टिन वाढलं की न बाळंत झालेल्या बाईलाही दूध येऊ शकतं. बाळाचं काकूंनी मनाने जोडलं असेल. दूध खरं असणार.

डॉक्टर बराच वेळ ते पान बघत राहिले. मग लिहायला लागले : प्रोलॅक्टिन, डी व्हिटॅमिन, कॅल्शियम, किडनी, थायरॉइड. वाढवलेला डोस पायरीपायरीने खाली. औषध सरसकट बदलायचं की नाही ते लगेच ठरवलं नाही, आणि ते बरोबर होतं. इतक्या वर्षांनी स्थिर झालेली बाई औषध बदलताना पुन्हा उसळली, तर त्या झटापटीतच दुसरं हाड जायचं. हात थरथरू नयेत म्हणून चालू असलेली ट्रायहेक्सिफेनिडिलही कमी करायला सांगितली. तिने नजर धूसर होते, म्हातारपणी डोकंही गोंधळतं.

जाता जाता त्यांनी दोन जुन्या पेशंटच्याही पाठीचे एक्स-रे लिहिले. पूर्वी भूल न देता शॉक दिले जायचे. त्या झटक्यांनी मणके दबत, हे तेव्हाही माहीत होतं. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ ने भूल आणि स्नायू सैल करणारं औषध दिल्याशिवाय शॉक देणं बंद केलं. ज्यांना आधीच मिळाले, त्यांच्या पाठीत ते अजून असतील.

११.१०

ऊन पडलं. श्रावणातलं ऊन थांबणारं नसतं, म्हणून हातातली कामं टाकून सगळ्यांना बाहेर काढलं. डी व्हिटॅमिन तयार करणारे किरण दुपारच्या आगेमागेच पोचतात. कोवळ्या उन्हात बसून प्रसन्न वाटतं, पण त्याने हे काम फारसं होत नाही. व्हरांड्याच्या काचेआडून तर मुळीच नाही. हात-पाय उघडे, वीस-पंचवीस मिनिटं. क्लोरप्रोमाझिनवर असलेल्यांची कातडी उन्हाने भाजते, त्यांना कडुनिंबाखाली बसवते. त्यांना डी व्हिटॅमिन पुडीतूनच.

बाहेर काढणं म्हणजे नुसतं दार उघडणं नव्हे. पेशंटमागे माणूस लागतो, आणि माणसं कमी आहेत. मग मी खेळ लावते. पायाच्या चवड्यांवर उभं राहायचं, खाली यायचं. भिंतीला हात टेकून एका पायावर, मग दुसऱ्या. मंगळागौरीचे दिवस आहेत, दोघी-तिघींनी आपणहून फेर धरला. फुगडीला मात्र मी हात जोडते. पिंगा चालेल, बसफुगडी अजिबात नाही. सतरा नंबरच्या आजी माझ्यावर रुसून कडुनिंबाखाली जाऊन बसल्या. लग्नाआधी त्यांच्या फुगडीचं गावात नाव होतं म्हणे.

१२.००

ॲम्ब्युलन्समधून काकूंना घेऊन मोठ्या सरकारी दवाखान्यात. एरवी स्टाफ सिस्टर जाते, आज मीच गेले. हाडांच्या ओ.पी.डी.त पहिला प्रश्न ठरलेला : “नातेवाईक कुठे आहेत?” दुसरा, पेशंटकडे न बघता माझ्याकडे बघून : “शांत आहे ना ही?” काकू शांतच होत्या. बाकावर बसून समोरच्या प्लॅस्टर घातलेल्या पोराला “दुखतंय का रे?” विचारत होत्या.

वर सांगितलेल्या कायद्याचं कलम २१ सांगतं की मानसिक आजार असलेल्याला शरीराच्या आजाराचे उपचार इतरांसारखेच मिळाले पाहिजेत. ते मी कुणाला वाचून दाखवत नाही. केस पेपर, एक्स-रे, औषधांची यादी आणि झग्याची हकीकत एका कागदावर लिहून नेते. कागद नीट असला की पुढचा माणूसही नीट वागतो, असा माझा अनुभव आहे.

आत तरुण डॉक्टर होते. त्यांनी काकूंनाच विचारलं, दगड नेमका कुठे आहे. काकूंनी अंगठा मागे नेऊन जागा दाखवली. एक्स-रेत दबलेला मणका तोच. टी.बी. किंवा गाठ नाही ना, यासाठी त्यांनी रक्ताच्या तपासण्या वाढवल्या. हाडांची घनता मोजणारा डेक्सा तिथे होतो, तारीख पुढची मिळाली. त्यात टी-स्कोअर उणे अडीच किंवा त्याखाली आला की ठिसूळपणा धरतात. पण धक्का न लागता मणका दबलेला असताना त्या आकड्यासाठी उपचार अडवून ठेवायचं कारण नाही, असं ते म्हणाले.

उपचार कोणता, यावर आमचं बोलणं झालं. आठवड्याला एकदा घ्यायची अलेंड्रोनेटची गोळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यावी लागते आणि नंतर निदान अर्धा तास आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिका भाजून निघते. आमच्या बायका गोळी घेतली की पलंग गाठतात. त्यापेक्षा वर्षातून एकदा शिरेतून द्यायचं झोलेड्रॉनिक ॲसिड काकूंना बरं. आधी किडनीचा रिपोर्ट, डी व्हिटॅमिन भरून काढणं आणि दातांची तपासणी, कारण या औषधावर असताना दात काढावा लागला तर क्वचित जबड्याचं हाड बिघडतं. सहा महिन्यांनी घ्यायचं डेनोसुमॅबचं इंजेक्शनही असतं, पण त्याची तारीख हुकली तर मणके भराभर दबू शकतात. आज इथे, उद्या निवारागृहात अशी ज्यांची स्थिती, त्यांच्यासाठी मला ते नको वाटतं.

२.२०

परत आलो तेव्हा जेवणं उरकली होती. काकूंसाठी झाकून ठेवलेलं ताट मावशींनी पुढे केलं. डी व्हिटॅमिनची पहिली पुडी, साठ हजार युनिटची, दुधातून दिली. ही आठवड्याला एक. मी औषधपत्रावर वाराला लाल गोल केला, कारण रोज दिली तर रक्तातलं कॅल्शियम चढून पेशंट गुंगीत जाते, आणि मग ती गुंगीसुद्धा मनाच्या आजाराच्या खात्यात जाईल.

इव्हिनिंगच्या सिस्टरांना ओव्हर दिली. सतरा नंबर : पलंग हलवला, निजून आणि उभं राहून बी.पी. दोन वेळा. नऊ नंबर : वाकायचं नाही, बादली उचलायची नाही, दुखतंय म्हणाल्या तर दुखणं म्हणूनच लिहायचं. वहीत कक्षातल्या सगळ्या बायकांसाठी तीन नवे रकाने आखले आहेत : उंची, पाळी गेल्याचं वय, पडल्याची तारीख. आणखी एखादा रकाना म्हटलं की स्टाफ वैतागतो, त्यांचंही खरं आहे. पण याला पैसे लागत नाहीत.

वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या घरी अशी आई, आत्या, मावशी, बहीण असेल तर गोळी मनाने बंद करू नका. पुढच्या तारखेला जाल तेव्हा डॉक्टरांना तिची पाळी कधी गेली ते आपणहून सांगा, प्रोलॅक्टिन आणि डी व्हिटॅमिन तपासायचं का ते विचारा, आणि घरी भिंतीवर पेन्सिलीने तिची उंची आजच मांडून ठेवा. पाठ दुखते म्हणाली, तर आधी पाठ बघा.